कार्ल्याच्या लेण्यात छताला लाकडी वासे कशासाठी?

कोनवासा

गेल्या महिन्यात आईला घेऊन एकवीरेला गेलो होतो. आमची कुलदेवता, त्यामुळे लहानपणापासून त्या पायऱ्या चढतोय. शेजारच्या लेण्यात मात्र कधी फार थांबलो नव्हतो. या वेळी दर्शनाची रांग मोठी होती आणि आईचे गुडघे दुखत होते, म्हणून आधी चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, जाऊन टेकलो. आत छान गारवा होता. आई बराच वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, वर अख्खा डोंगर आहे ना? मग वासे कशाला घातलेत?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. जे कळलं ते इथे मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

कार्ल्याचं चैत्यगृह साधारण इ.स.च्या पहिल्या शतकातलं. लांबी सुमारे 45 मीटर, उंची 14 मीटरच्या आसपास. कमानदार छत आधी कातळात पुरतं कोरून घेतलं आणि मग त्याला खालून सागवानी वासे बसवले. म्हणजे हे वासे काहीही तोलत नाहीत. सगळे काढून घेतले तरी वरचा एक खडा हलणार नाही. स्तूपाच्या माथ्यावरची छत्रीसुद्धा लाकडाची आहे. हे लाकूड मूळचं मानलं जातं, म्हणजे वय जवळजवळ 2000 वर्षं. तेवढ्या उंचीवर, परांची बांधून, न तोलणारे वासे चढवायचे? एवढा खटाटोप उगाच कोणी करत नाही.

मग आईला घरी सोडून दुसऱ्या रविवारी एकटाच भाज्याला गेलो. हे लेणं आणखी जुनं, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातलं. तिथेही छताला लाकडी वासे आहेत आणि त्यांतल्या काहींवर ब्राह्मी अक्षरांतले छोटे लेख सापडले आहेत. दर्शनी भाग तर पूर्ण लाकडाचा होता. तो गेला, आता नुसती कुसांची भोकं उरली आहेत. पण मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते तिथल्या खांबांनी. 27 अष्टकोनी खांब, आणि सगळे आतल्या बाजूला किंचित कललेले. लाकडी मांडवात वासे खांबांना बाहेर रेटतात, म्हणून खांब आत कलते रोवतात. इथे तर रेटणारं काहीच नाही. खांब, छत, जमीन, सगळा एकच कातळ. तरी खांब कललेले! कार्ल्याला येईपर्यंत ते सरळ झाले.

पुढे अजिंठ्याच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात मधल्या दालनाला लाकडी वासे होते, पण बाजूच्या पडव्यांत ते दगडातच कोरले. 19 आणि 26 मध्ये सगळेच दगडी. आणि वेरूळच्या 10 क्रमांकाच्या लेण्याला तर लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात. स्तूपापुढे बुद्ध पाय खाली सोडून बसला आहे आणि त्याच्या डोक्यावर दगडी वाशांचं छप्पर. भाज्यापासून इथपर्यंत जवळजवळ 800-900 वर्षं गेली. एवढ्या काळात लाकूड हळूहळू गेलं, वासे मात्र राहिले.

एका पुस्तकात वाचलं की त्या काळच्या कारागिरांना दगडाची समज यायची होती, म्हणून त्यांनी लाकडाची नक्कल केली. हे मला पटत नाही. बिहारमधल्या बराबरच्या डोंगरातल्या मौर्यकालीन गुहा भिंतीत तोंड दिसेल इतक्या गुळगुळीत घासलेल्या आहेत. त्याच डोंगरातल्या लोमश ऋषी गुहेच्या दारावर वाशांची टोकं, जाळी, कमान, सगळं सुतारकाम दगडात आहे. इतकी झिलई देणाऱ्यांना दगड कळत नव्हता असं कसं म्हणायचं?

हे सगळं आत्ताच का लिहितोय तेही सांगतो. आमच्या गावच्या ग्रामदेवीच्या देवळाचा सभामंडप लाकडी आहे. तो पाडून स्लॅब टाकायचं चाललंय. पुढच्या महिन्यात गावची बैठक आहे. मला तिथे बोलायचंय आणि नुसतं "जुनं आहे, राहू द्या" एवढंच बोलायचं नाही.

रानजाई

फार सुंदर धागा. तुमच्या आईंचा प्रश्न अभ्यासकांनाही पडलेला आहे.

मी प्राकृत शिकते, म्हणून लेखांबद्दल लिहिते. कार्ल्याच्या ओसरीत एक लेख सगळ्यांना माहीत असतो: वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे 'सेलघर' पुरं केलं, जंबुद्वीपात उत्तम असं. सेलघर म्हणजे शैलगृह, दगडाचं घर. लेणं, गुहा असा शब्द तो वापरत नाही, घर म्हणतो.

पण माझा लाडका लेख वेगळाच आहे. त्यात धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दाराचं काम केल्याची नोंद आहे. त्याचा धंदा दिलाय 'वढकि'. वढकि म्हणजे सुतार. कार्ल्याच्या दाराशी एका सुताराचं नाव आहे, बापाच्या नावासकट.

सांचीलाही असंच. दक्षिण तोरणावर लिहिलंय की इथलं रूपकर्म, म्हणजे कोरीवकाम, विदिशेच्या दंतकारांनी केलं. हस्तिदंत कोरणारी माणसं दगडाकडे वळली. तिथला कठडा बघा, आडव्या दगडी पट्ट्या उभ्या खांबांच्या खाचांत सरकवल्या आहेत. त्या पट्टीचं नावच 'सूची', म्हणजे सुई. ओवली जाते ती.

सुतारपक्षी

रानजाई, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. माझी आई वर्ध्याकडची. तिकडे सुताराला आजही वाढई म्हणतात. वढकि, वाढई. 2000 वर्षं तोच शब्द चालत आलाय आणि मला आज कळतंय.

आमचं तीन पिढ्यांचं सुतारकाम, मी माणगावला असतो. कोनवासा यांनी खांब कलते असण्याचं कारण दिलंय ते बरोबर आहे. त्यात थोडं घालतो. आडवा वासा सरळ असला की भार सरळ खाली उतरतो. वासा कमानीसारखा वाकडा असला की त्याचे पाय फाकतात. म्हणून वाकडं छप्पर आणि कलता खांब ही जोडी आहे, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. ज्याने भाज्याचा आराखडा केला त्याने असं छप्पर लाकडात बांधलेलं होतं किंवा बांधताना जवळून पाहिलं होतं. नुसत्या चित्रावरून हा कल येत नाही.

आणि वाकड्या वाशाबद्दल. माझे वडील वाकडा तुकडा सरळ फळीतून कापू देत नसत. सरळ लाकडातून वळण कापलं की रेषा तुटते आणि तिथेच ते पुढे चिरतं. ते जंगलातच वाकडी वाढलेली फांदी शोधायचे, म्हणजे रेषा वळणाबरोबर जाते. एका कमानीसाठी दोन-दोन महिने थांबायचे. कार्ल्याला इतके वासे बघताना मला आधी तेच आठवतं, की किती रानं फिरले असतील.

वाचक_पुणे

वाचतेय. लिहीत राहा सगळे.

चौकट

धागा आवडला, पण माझं थोडं वेगळं मत आहे. मी वास्तुविशारद आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. इजिप्तमध्ये सक्कारा इथे झोसर राजाचं पिरॅमिड-संकुल आहे, इ.स.पूर्व 27व्या शतकातलं, इमहोतेपने रचलेलं. एवढ्या प्रमाणावर घडीव दगड वापरलेलं हे जगातलं पहिलं मोठं बांधकाम. तिथल्या प्रवेशदालनाचं छत दगडी आहे, पण खालून ओंडके शेजारी शेजारी मांडल्यासारखं गोल गोल कोरलंय. खांब बोरूच्या जुड्यांसारखे. दाराची दगडी फळी कायमची उघडी कोरलेली, ती कधी मिटत नाही. जमिनीखालच्या दालनांत निळ्या चकचकीत फरश्या अशा लावल्यात की भिंतीला बोरूची चटई टांगलीय असं वाटावं. म्हणजे दगड हाती आल्यावर माणसाने पहिल्यांदा काय केलं, तर आपलं जुनं बोरूचं घर त्यात पुन्हा बांधलं.

ग्रीक देवळांचंही असंच सांगतात. डोरिक शैलीच्या देवळांच्या खांबांवरच्या पट्टीत तीन-तीन उभ्या रेघांचे चौकोन असतात. ती लाकडी तुळयांच्या टोकांची आठवण, असं व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने इ.स.पूर्व पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. पण इथे अडचण आहे. हे चौकोन देवळाच्या चारही बाजूंना आहेत. तुळयांची टोकं चारही बाजूंना एकाच पातळीवर कशी येतील? सुतारपक्षी, तुम्हीच सांगा. म्हणून 'दगड म्हणजे लाकडाची आठवण' हे सूत्र सरसकट लावायला मी बिचकते. काही वेळा ती नुसती सजावटीची रूढी असते.

आणि कोनवासा, एक थेट प्रश्न. कार्ल्याच्या लोकांनी लाकूड सोडून नवं साहित्य घेतलंच ना? त्यांच्या काळातला कातळ म्हणजे तुमच्या गावाचं काँक्रीट. मग गावाने स्लॅब टाकला तर काय बिघडलं?

सुतारपक्षी

ताई, चारही बाजूंना एका पातळीत टोकं येणार नाहीत. एका दिशेच्या तुळया खाली, दुसरीच्या वर, असंच बसतं. तुमची शंका रास्त आहे.

कोनवासा

चौकट, प्रश्न योग्य आहे आणि दोन दिवस मी त्यावरच विचार करतोय.

ग्रीकांचं तुम्ही म्हणता ते मान्य. पण त्यावरून आठवलं: ऑलिंपियाचं हेराचं देऊळ, इ.स.पूर्व 600 च्या सुमाराचं. त्याचे खांब मुळात लाकडी होते आणि जसजसे खराब झाले तसतसे एकेक करून दगडाचे बसवले, असं मानतात. म्हणून तिथला एक खांब दुसऱ्यासारखा नाही, जाडी वेगळी, माथे वेगळे. पॉसेनियस हा ग्रीक प्रवासी इ.स.च्या दुसऱ्या शतकात तिथे गेला तेव्हा मागच्या दालनात एक खांब अजून ओक लाकडाचा होता, हे त्याने लिहून ठेवलंय. सुमारे 700 वर्षं तो एक खांब कोणी काढला नाही.

आता तुमचा प्रश्न. कार्ल्याच्या लोकांनी नवं साहित्य घेतलं हे खरं. पण घेताना सोबत काय न्यायचं हे त्यांना ठाऊक होतं. ज्या छपराखाली माणसं जमत होती, फेरी घालत होती, ऐकत होती, ते छप्पर त्यांनी डोंगराच्या पोटात नेलं. कातळ वासे मागत नव्हता, तरी त्यांनी वासे आणले. आमच्या बैठकीत साहित्य ठरलंय, खर्च ठरलाय, फरशीचा रंगही ठरलाय. सोबत काय न्यायचं यावर एक शब्द नाही.

आमच्या मंडपात सहा सागवानी खांब आहेत. कुठल्या वाडीने कुठल्या खांबाशी बसायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. शिमग्याला पालखी नाचते ती मधल्या खणात, आणि तुळईची उंची अशी की पालखी वर उचलली तरी कळस लागत नाही. नव्या आराखड्यात मधे खांबच नाहीत. "मोकळी जागा मिळेल" म्हणतात. मिळेल, पण मग आमची वाडी बसणार कुठे?

उत्तरवारा

मी नॉर्वेत बर्गनला राहते. इथल्या लाकडी चर्चबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मध्ययुगात या देशात अशी हजाराच्या आसपास चर्च होती असं मानतात. आता 28 उरलीत. मी उर्नेसला दोनदा गेलेय. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठाला, नावेतून उतरायचं आणि चढ चढून जायचं. चर्च 1130 च्या सुमाराचं, पण उत्तरेच्या भिंतीतलं कोरीव दार त्याहून जुनं, आधीच्या चर्चचं. एकमेकांत गुंतलेले प्राणी आणि वेली, इतकं बारीक की बोट फिरवावंसं वाटतं. जुनं चर्च गेलं तेव्हा त्यांनी ते दार जपून नव्याच्या भिंतीत बसवलं.

तुमच्या देवळाच्या संदर्भात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. इथली सुरुवातीची चर्च का टिकली नाहीत? कारण खांब थेट जमिनीत पुरलेले असत आणि बूड कुजायचं. मग त्यांनी दगडांवर आडव्या तुळयांची चौकट टाकली आणि खांब त्या चौकटीवर उभे केले. लाकूड मातीपासून सुटलं. बोर्गुंडचं चर्च 1180 च्या सुमाराचं आहे, त्याला अजून पाइनचं डांबर फासतात, आणि ऊन पडलं की त्याचा वास सगळीकडे दरवळतो. 800 वर्षांहून जास्त झाली, लाकूड उभं आहे. "लाकूड टिकत नाही" असं बैठकीत कोणी म्हणालं तर हे सांगा.

पिंपळपान

उत्तरवारा, नेमकं याच्या उलट उदाहरण जपानात आहे. मी काही वर्षं नागोयाला होतो, तिथून इसे दोन तासांवर.

इसेच्या देवळाचे खांब आजही थेट जमिनीत पुरतात. तळाला दगड नाही, लाकडाला रंग नाही, छपराला गवत. कुजणार हे माहीत आहे. म्हणून दर 20 वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर तसंच्या तसं नवं देऊळ बांधतात, देवता तिकडे नेतात आणि जुनं उतरवतात. पहिल्यांदा हे इ.स. 690 मध्ये झालं. 2013 साली 62वी वेळ होती, पुढची 2033 ला. युद्धांच्या काळात मध्ये 120 वर्षांहून जास्त खंड पडला, तरी त्यांनी ते पुन्हा सुरू केलं.

मला भावलेली गोष्ट म्हणजे वीस वर्षांचं अंतर. एका सुताराच्या आयुष्यात हे काम दोनदा, फार तर तीनदा येतं. पहिल्यांदा तो शिकाऊ असतो, दुसऱ्यांदा मुख्य. उतरवलेलं लाकूडही वाया जात नाही. मुख्य मंदिरांचे जाड खांब तासून उजी पुलाच्या दोन टोकांच्या तोरणांना वापरतात.

म्हणून मला वाटतं, लाकूड तेच राहिलं पाहिजे असा हट्ट नको. तुमच्या गावात तो मंडप पुन्हा बांधू शकणारा माणूस आहे का, हे आधी बघा.

मुशाफिर

इथिओपियातल्या लालिबेलाची आठवण काढतो. 11 चर्च, 12व्या-13व्या शतकांच्या सुमारास खडकात वरून खाली कोरलेली. आपल्या कैलासाशी तुलना सगळेच करतात, पण मला ती बेत अमानुएल या चर्चपाशी जास्त जवळची वाटली. त्याच्या भिंतीला आडवे पट्टे आहेत, एक आत, एक बाहेर. कारण तिथे त्याआधी भिंती बांधताना दगडाच्या थरांमध्ये लाकडी तुळया घालत. त्या तुळयांची टोकं भिंतीबाहेर यायची, त्यांना 'माकडाची डोकी' म्हणतात. खरी माकडडोकी देब्रे दामोच्या मठात दिसतात. बेत अमानुएल अखंड खडक, तुळई एकही नाही, पण पट्टे तसेच.

घराच्या जवळचं म्हणाल तर बिष्णुपूरचं जोडबांगला देऊळ, 1655 चं. विटांचं आहे, पण छप्पर बांबूच्या झोपडीसारखं वाकवलंय. पावसाचं पाणी निथळावं म्हणून बांबूचं छप्पर जसं मधे फुगवून वळचणीला उतरवतात, अगदी तसं. महाबलिपुरमचा द्रौपदी रथ तर चक्क दगडी झोपडी आहे.

चौकट

कोनवासा, "सोबत काय न्यायचं" हे तुमचं म्हणणं पटलं. मी प्रश्न मागे घेत नाही, पण आता तो तुमच्या गावाला विचारायला हवा. स्लॅब टाकायचाच असेल तरी सहा खांबांच्या जागा, खणांची मापं आणि तुळईची उंची तीच ठेवता येते. ती मापं आधी घेऊन ठेवा. मंडप एकदा उतरवला की कोणाला काही आठवत नाही. माझ्या कामात हे मी फार वेळा पाहिलंय.

आणि मंडप पाडायचं नक्की कारण काय दिलंय?

कोनवासा

खांब खालून कुजलेत, असं. कंत्राटदाराने एका खांबात पहार घालून दाखवली, वीतभर आत गेली. त्यावर सगळे गप्प झाले. देवीला कौल लावला होता, तो उजवा झाला. पण मी गुरवांना विचारलं, कौल नेमका कशाचा लावला? ते म्हणाले, "जीर्णोद्धार करावा का, एवढंच विचारलं." स्लॅबचं देवीला कोणी विचारलेलंच नाही.

सुतारपक्षी

पहार कुठे घातली? जमिनीलगत ना? तिथे ती जाणारच. मला दोन गोष्टी सांगा. खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, आहेत का? आणि फरशी कधी घातली?

कोनवासा

तळखडे आहेत, पण आता दिसत नाहीत. माझ्या लहानपणी शेणाने सारवलेली जमीन होती आणि तळखडे वर दिसायचे, त्यांवर आम्ही दिवे लावायचो. नंतर सिमेंटचा कोबा केला, मग त्यावर फरशी. जमीन वर आली आणि तळखडे आत गेले.

सुतारपक्षी

मग कोनवासा, तुमचा खांब म्हातारा होऊन कुजलेला नाही. त्याचं बूड सिमेंटात गाडलं गेलं म्हणून कुजलंय. उत्तरवारा ताईंनी नॉर्वेचं सांगितलं तेच. आपल्या लोकांनी तळखडा देऊन लाकूड मातीपासून सोडवलं होतं, आपण ते परत पुरलं.

असे खांब दुरुस्त होतात. तुळईला खालून टेकू द्यायचा, कुजलेलं बूड चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचं, जुन्या सागाचाच तुकडा कूस-खाचेने खाली जोडायचा, आणि सभोवतालची फरशी फोडून तळखडा उघडा करायचा. मी असे चार खांब केलेत. पाऊस संपल्यावर करायचं, लाकूड ओलं असताना नाही.

हो म्हणायच्या आधी मला खांब बघावे लागतील. वरपर्यंत ठोकून आवाज ऐकल्याशिवाय मी कोणाला शब्द देत नाही. येत्या रविवारी येऊ का? टोच्या आणि हातोडी मी आणतो. तुम्ही फक्त गुरवांना सांगून एका खांबाभोवतीची दोन-तीन फरश्या काढायची परवानगी घ्या. आणि जमलं तर आईंनाही घेऊन या.

कोनवासा

या. गुरवांशी आत्ताच बोललो, ते हो म्हणाले. पूर्वेकडचा पहिला खांब बघू, आमच्या वाडीचा. आई येईन म्हणतेय.